समुद्राच्या बाजूने पाहिलेली गावे

कोणत्याही किनाऱ्याचे दोन नकाशे असतात. एक जमिनीवरून प्रवास करणाऱ्यासाठी काढलेला, दुसरा समुद्रावरून जाणाऱ्यासाठी. पहिल्या नकाशात रस्ते, लोहमार्ग, शहरे आणि सीमारेषा यांची दाटी असते आणि समुद्र म्हणजे केवळ एक निळा, रिकामा पट्टा. दुसऱ्या नकाशात नेमके उलट असते. जमीन जवळजवळ कोरी. तीवर फार तर एखादी टेकडी, चर्चचा मनोरा, दीपगृह, म्हणजे समुद्रावरून ओळखू येतील एवढ्याच खुणा. सारा तपशील पाण्यात भरलेला असतो: कोठे किती वाव पाणी आहे, कोठे बुडीत खडक आहे, तळाशी रेती आहे की चिखल, आणि नांगर कोठे धरेल. एकच गाव पहिल्या नकाशात रस्ता संपल्यानंतर कोठेतरी कोपऱ्यात पडलेले दिसते. दुसऱ्या नकाशात तेच मध्यभागी असते.

शिडाच्या नौकेतून किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडणे, संध्याकाळी एखाद्या लहान बंदरात आसरा घेणे आणि सकाळी पुढे निघणे, हा आज अनेक देशांत फुरसतीचा छंद मानला जातो. या छंदाचे खरे मोल असे की, तो माणसाला हा दुसरा नकाशा वाचावयास लावतो. मच्छीमारांची गावे ज्या दिशेला तोंड करून वसलेली असतात त्या दिशेने तो त्यांच्याकडे येतो. या दिशेने पाहिल्यास काय दिसते आणि ती दिशा विसरली गेल्यास काय घडते, हे समजून घेण्यासाठी उत्तर अटलांटिकमधील न्यूफाउंडलंड या बेटाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

न्यूफाउंडलंड हा कॅनडाच्या पूर्व टोकाचा प्रदेश. बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,०९,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून थोडे अधिक. लोकसंख्या मात्र पाच लाखांच्या आसपास. भारतीय श्रोत्याला जवळची वाटावी अशी एक गोष्ट म्हणजे तेथील घड्याळही भारतातल्याप्रमाणे अर्ध्या तासाच्या हिशेबाने चालते. ते प्रमाण जागतिक वेळेच्या साडेतीन तास मागे असते. १९४९ पर्यंत हा प्रदेश कॅनडात नव्हता. १९४८ च्या सार्वमतात थोड्याशा बहुमताने कौल मिळाल्यानंतर तो कॅनडात सामील झाला.

या बेटावर माणसे राहावयास आली ती जमिनीसाठी नव्हे. अंतर्भाग खडकाळ, दलदलीचा आणि खुरट्या जंगलाचा आहे. १४९७ मध्ये जॉन कॅबट या बाजूच्या समुद्रात येऊन गेला आणि नुसत्या टोपल्या पाण्यात सोडल्या तरी मासे भरून येतात अशी वार्ता युरोपात पोहोचली. तो मासा म्हणजे कॉड. पुढे कित्येक शतके न्यूफाउंडलंडच्या बोलीत ‘मासा’ या शब्दाचा अर्थ कॉड एवढाच होता. इतर माशांना त्यांच्या त्यांच्या नावाने ओळखले जाई. कॉड जेथे किनाऱ्याजवळ येतो तेथेच, वल्ही मारीत पोहोचता येईल इतक्या अंतरावर, घरे बांधली गेली. अशा रीतीने सबंध किनाऱ्यावर शेकडो चिमुकली गावे वसली. त्यांना तेथे ‘आउटपोर्ट’ म्हणतात. एका आउटपोर्टहून दुसऱ्याकडे जाणारा मार्ग पाण्यातूनच जात असे. टपाल, पीठ, मीठ, वैद्य, धर्मोपदेशक आणि नवरीमुलगी ही सर्व समुद्रावरूनच येत. १८९८ पासून किनाऱ्यावर आगबोटींचा एक ताफा नियमित सेवा देऊ लागला. त्या बोटींना इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने नावे दिलेली असल्यामुळे त्या ‘वर्णमालेचा तांडा’ म्हणून प्रसिद्ध झाल्या. कोकणच्या बंदरांत आगबोटीची वाट पाहिलेल्या पिढीला या जीवनक्रमाची कल्पना सहज येईल.

या किनाऱ्याकडे शिडाच्या नौकेने येणाऱ्याला प्रथम धुक्याशी गाठ घ्यावी लागते. उन्हाळ्यात वारा बहुधा नैर्ऋत्येकडून वाहतो. उबदार आणि दमट अशी ही हवा लॅब्राडोरच्या थंड प्रवाहावर येते आणि तिच्यातील बाष्पाचे धुके बनते. दक्षिण किनाऱ्यावर जून-जुलैमध्ये दिवसचे दिवस डोलकाठीचे टोकही दिसू नये असे धुके असते. ईशान्य किनाऱ्यावर त्याच सुमारास ग्रीनलंडकडून वाहत आलेले हिमनग भेटतात. उपग्रहांकडून स्थान कळण्याची सोय असूनही शहाणा नाविक लाटा फुटण्याचा आवाज ऐकतो, पाण्याची खोली मोजतो आणि शंका आली की समुद्राकडे वळतो. धुक्यात धोका असतो तो जमिनीचा. मोकळा समुद्र त्या मानाने सुरक्षित असतो.

या किनाऱ्याचे पहिले शास्त्रीय सर्वेक्षण ज्याने केले तो जेम्स कुक पुढे पॅसिफिक महासागरातील सफरींमुळे जगप्रसिद्ध झाला. परंतु त्या सफरींपूर्वी, १७६३ ते १७६७ या काळात, तो प्रत्येक उन्हाळ्यात न्यूफाउंडलंडचे किनारे मोजीत होता आणि हिवाळ्यात इंग्लंडमध्ये बसून नकाशे काढीत होता. ५ ऑगस्ट १७६६ रोजी दक्षिण किनाऱ्यावरील बर्जिओ बेटांवरून त्याने सूर्यग्रहणाचे निरीक्षण केले आणि त्यावरून त्या ठिकाणाचे रेखांश निश्चित करण्यात आले. त्याचे नकाशे पुढे दीर्घकाळ वापरात राहिले.

परंतु कुकच्याही आधी मच्छीमारांनी हा किनारा शब्दांनी मोजून ठेवला होता. दोन बेटांमधील अरुंद, अवघड वाटेला तेथे एक वेगळा शब्द आहे. पाण्याखाली दडलेल्या आणि मोठी लाट आली की फेस उडवणाऱ्या खडकाला दुसरा. भरती आणि ओहोटी यांच्या रेषांमधील ओल्या पट्ट्याला तिसरा. १९८२ मध्ये या बोलीचा एक भरघोस कोश प्रसिद्ध झाला, त्यात असे शेकडो शब्द नोंदलेले आहेत. गावांची नावेही तशीच आहेत. एका गावाचे नाव ‘हार्ट्स कंटेंट’, म्हणजे मनाचे समाधान. दुसऱ्याचे ‘कम बाय चान्स’, म्हणजे योगायोगाने लाभलेले. फ्रेंचांनी ज्या खाडीला आशेची खाडी म्हटले, तिचा उच्चार इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी असा काही बदलला की तिचा अर्थ निराशेची खाडी असा होऊन बसला. त्या पाण्यात हिवाळा काढणाऱ्यांना दोन्ही नावे सारखीच खरी वाटत असली पाहिजेत.

दक्षिण किनाऱ्यावर बर्फाच्या प्राचीन नद्यांनी कोरलेल्या खोल, अरुंद खाड्या आहेत. त्यांत नौका लावणे सोपे नसते. कड्याच्या अगदी पायथ्यापर्यंत पाणी इतके खोल असते की नांगराचा दोर पुरत नाही. जेथे पुरतो तेथे तळाशी खडक आणि शेवाळ असल्यामुळे नांगर धरीत नाही. शिवाय डोंगरमाथ्यावरून वाऱ्याचे झोत एकाएकी खाली कोसळतात. म्हणून पाहुण्या नौकेला बहुधा गावच्या धक्क्यालाच लागावे लागते. ही अडचण म्हणजे या प्रवासातील मोठेच भाग्य होय. जेथे नांगर टाकून दूर राहता येते तेथे प्रवासी गाव नुसते पाहतो. जेथे धक्क्याला दोर बांधावा लागतो तेथे त्याला कोणाला तरी विचारावे लागते.

धक्का हा मच्छीमाराचा अंगण आणि कारखाना दोन्ही असतो. तेथे येणाऱ्याने पाळावयाचे नियम कोठे लिहिलेले नसतात, परंतु ते सर्वांना ठाऊक असतात. मासे उतरविण्याच्या यारीखालची जागा घेऊ नये. एखाद्या मासेमारी नौकेला लागून आपली नौका बांधावयाची असेल तर ती पहाटे किती वाजता सुटणार आहे हे आधी विचारावे आणि त्या वेळेपूर्वी स्वतः जागे असावे. दुसऱ्याच्या नौकेवरून धक्क्याकडे जाताना नाळेच्या बाजूने जावे, सुकाणूजवळून जाऊ नये. कारण ती त्या माणसाच्या कामाची जागा असते. जाळी पायाखाली तुडवू नयेत. हे नियम पाळणाऱ्याच्या नौकेवर सकाळी एखादा ताजा कॉड ठेवलेला आढळतो. घरच्या खाण्यापुरती मासेमारी करण्यास रहिवाशांना जी मुभा आहे तिची मर्यादा माणशी दिवसाला पाच मासे, आणि एका होडीत कितीही माणसे असली तरी पंधरा. म्हणजे कोणी तो मासा पाहुण्याला देतो तेव्हा तो आपल्या पाचांतला एक देत असतो.

फ्रान्स्वा, ज्याचा स्थानिक उच्चार ‘फ्रान्सवे’ असा होतो, हे अशा गावांचे उत्तम उदाहरण. तीन बाजूंनी उंच कडे, मध्ये रंगीत लाकडी घरांचा पुंजका आणि घरांना जोडणाऱ्या फळ्यांच्या पायवाटा. वस्ती शंभराहून कमी. बाहेरून येणारा रस्ता नाही आणि मोटारही नाही. जमिनीच्या नकाशावर हे गाव शोधणाऱ्याला ते तेथे का आहे हेच कळत नाही. समुद्रावरून येणाऱ्याला ते तात्काळ कळते: वादळात सापडलेल्या नौकेला त्या परिसरात याहून चांगला आसरा नाही आणि मासळीचे पाणी तोंडाशीच आहे.

अशा गावात पूर्वी काम कसे चाले, याच्या खुणा पाण्याच्या काठावर दिसतात. खांबांवर पाण्यात पुढे काढलेली लाकडी माची आणि तिच्यावरची झोपडी, येथे मासा उतरत असे. एकाने गळा कापावयाचा, दुसऱ्याने डोके व आतडी काढावयाची, तिसऱ्याने कणा काढून मासा उघडावयाचा आणि चौथ्याने मीठ लावावयाचे. मिठाचे प्रमाण चुकले तर मासा जळे किंवा सडे. त्यानंतर धुऊन तो फांद्यांच्या मांडवांवर वाळत घालावयाचा; ऊन फार झाले तर झाकावयाचा, पावसाची चिन्हे दिसली तर गोळा करावयाचा. हे वाळविण्याचे काम मुख्यतः बायका आणि मुले करीत, आणि वर्षाची मिळकत त्यांच्या लक्षावर अवलंबून असे. हा खारवलेला मासा स्पेन, पोर्तुगाल, ब्राझील आणि कॅरिबियन बेटांपर्यंत जाई. मच्छीमाराच्या हाती मात्र रोकड क्वचितच येई. व्यापारी वसंत ऋतूत उधारीवर पीठ, दोर व मीठ देई आणि शरद ऋतूत स्वतःच ठरवलेल्या भावाने मासा घेई. बहुतेक वेळा हिशेबाच्या वहीत पुढच्या वर्षासाठी कर्जच उरे. तेव्हा या गावांचे चित्र रंगविताना त्यांत केवळ सौंदर्य भरणे हा त्यांच्यावर अन्याय होईल.

आता त्या घटनेकडे वळावयाचे, जिच्यामुळे या किनाऱ्यावरील अनेक धक्के ओस पडले. कॅनडात सामील झाल्यानंतर शाळा, दवाखाने, वीज आणि रस्ते ही शासनाची जबाबदारी ठरली. शेकडो ठिकाणी विखुरलेल्या पन्नास-पन्नास माणसांना या सोयी कशा पुरवावयाच्या, हा प्रश्न खरा होता. त्यावर काढलेला उपाय म्हणजे पुनर्वसन. १९५४ मध्ये प्रांतिक शासनाने आणि १९६५ पासून केंद्र शासनाच्या सहकार्याने योजना राबविण्यात आल्या. प्रारंभी गावातील सर्व कुटुंबांची संमती आवश्यक होती. पुढे ती नव्वद टक्क्यांवर आणि नंतर ऐंशी टक्क्यांवर आणण्यात आली. १९६५ च्या योजनेत कुटुंबामागे १००० डॉलर व शिवाय माणशी २०० डॉलर दिले जात. १९७५ पर्यंत सुमारे तीनशे गावे उठली आणि तीस हजारांच्या आसपास माणसे हलली.

पुष्कळांनी आपली घरेही बरोबर नेली. लाकडी घर ओंडक्यांवरून ओढीत पाण्याकाठी आणावयाचे, तरंगत राहावे म्हणून त्याला रिकामी पिंपे बांधावयाची आणि भरतीच्या वेळी ते समुद्रात लोटून होड्यांनी ओढीत नव्या गावी न्यावयाचे. शांत पाण्यावरून खिडक्यांसह चाललेल्या दुमजली घरांची त्या काळातील छायाचित्रे आजही पाहावयास मिळतात.

ही सर्व माणसे जबरदस्तीने हलविली गेली असे म्हणणे बरोबर नाही. मुलांना शाळा हवी होती, बाळंतिणीला वैद्य हवा होता. अनेक बायकांनी आनंदाने गाव सोडले. परंतु मतदानाच्या टक्केवारीतही एक सक्ती लपलेली होती. शिक्षक निघून गेला, पाळक निघून गेला, आणि शेजारी जावयास तयार झाला की राहू इच्छिणारा शेजाऱ्याच्या पैशाच्या आड येणारा ठरे. शिवाय ज्या ‘विकास केंद्रां’त माणसे गेली तेथे मासेमारीच्या चांगल्या जागा पूर्वीपासूनच्या रहिवाशांच्या ताब्यात होत्या. ज्या पाण्याचा प्रत्येक खडक त्यांना पाठ होता ते पाणी मागे राहिले आणि नव्या पाण्यात ते नवखे ठरले. योजना आखणाऱ्यांनी अंतरे जमिनीवरून मोजली होती. त्या मापाने ही गावे दूर होती, हे खरेच. परंतु माशापासून ती जवळ होती, आणि ते माप कोणी घेतले नव्हते.

ईशान्य किनाऱ्यावरील फोगो बेटाने वेगळी वाट धरली. १९६७ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाने स्थानिक विद्यापीठाच्या साहाय्याने तेथील माणसांच्या मुलाखतींचे वीसहून अधिक लघुपट तयार केले. कॉलिन लो हे त्यांचे दिग्दर्शक होते. हे लघुपट प्रथम बेटावरच्याच निरनिराळ्या गावांत दाखविण्यात आले. एकमेकांशी फारसे न बोलणाऱ्या गावांना आपली अडचण एकच आहे हे प्रथमच कळले. नंतर ते राजधानीत शासनाला दाखविण्यात आले आणि मंत्र्यांचे उत्तरही चित्रित करून बेटावर आणण्यात आले. बेटवासीयांनी जाण्याऐवजी सहकारी संस्था काढली, मोठ्या नौका बांधल्या आणि मासळी प्रक्रियेचे काम हाती घेतले. फोगो आजही वसलेले आहे.

याहून मोठा आघात पाण्याखाली होत होता. मोठमोठ्या परदेशी ट्रॉलर्समुळे ईशान्य किनारा आणि लॅब्राडोर यांच्या समोरच्या समुद्रातील कॉडची पकड १९६८ मध्ये आठ लाख टनांवर गेली. १९७७ मध्ये कॅनडाने दोनशे सागरी मैलांची हद्द जाहीर केली आणि परदेशी ट्रॉलर्सची जागा मुख्यतः देशी ट्रॉलर्सनी घेतली. १९८० नंतरच्या दशकात लहान होड्यांतले मच्छीमार सांगत होते की मासा लहान होत चालला आहे आणि किनाऱ्याशी येईनासा झाला आहे. शासकीय अंदाज मात्र बराच काळ आशादायक राहिले, कारण त्यांत मोठ्या ट्रॉलर्सच्या पकडीच्या आकड्यांना वजन होते, आणि ट्रॉलर तर उरलासुरला मासा जेथे गोळा झाला असेल तेथे जाऊन तो पकडू शकत होता. २ जुलै १९९२ रोजी या कॉडच्या मासेमारीवर बंदी घालण्यात आली. दोन वर्षांसाठी म्हणून आलेली ही बंदी बत्तीस वर्षे टिकली. सुमारे तीस हजार माणसांचे काम गेले. जून २०२४ मध्ये ती उठविण्यात आली आणि वर्षासाठी १८,००० टनांची मर्यादा ठरविण्यात आली. मोठ्या ट्रॉलर्सनाही त्यात वाटा मिळाल्यामुळे किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या संघटनेने त्या निर्णयावर आक्षेप घेतला. दोन नकाशांचा वाद अद्याप मिटलेला नाही.

या साऱ्यात नौकेतून येणाऱ्या पाहुण्याचे स्थान काय? फार्ली मोवॅट या कॅनेडियन लेखकाचे उदाहरण येथे विचारात घेण्यासारखे आहे. गळक्या नौकेतून याच किनाऱ्यावर केलेल्या भटकंतीवर त्याने १९६९ मध्ये एक विनोदी पुस्तक लिहिले आणि ते फार लोकप्रिय झाले. १९६२ पासून तो बर्जिओ येथे राहत होता. १९६७ च्या जानेवारीत तेथील एका खाजणात एक महाकाय देवमासा अडकला. गावातील काहींनी त्याच्यावर बंदुका चालविल्या. मोवॅटने देशभर ओरड केली, परंतु देवमासा वाचला नाही. वृत्तपत्रांतून सबंध गावाची बदनामी झाली असे रहिवाशांना वाटले आणि मोवॅटला त्याच वर्षी गाव सोडावे लागले. देवमाशाविषयी तो बरोबर होता, हे आज बहुतेक जण मान्य करतील. परंतु गाव कायमचे सोडून जाण्याची सोय त्याला होती आणि बंदूक न चालविलेल्या शेजाऱ्यांना ती नव्हती, हेही तितकेच खरे आहे. पाहुणा जुलैत येतो. गाव फेब्रुवारीतही तेथेच असते. हा फरक ध्यानात ठेवणे ही किनाऱ्यावर हिंडणाऱ्याची पहिली पात्रता होय.

गावे अद्यापही उठत आहेत. नोत्र दाम उपसागरातील लिटल बे आयलंड्स या गावात पहिल्या वेळी नव्वद टक्क्यांची अट अगदी थोडक्यात हुकली. नंतर सर्वांनी संमती दिली आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी तेथील वीज व फेरीबोट बंद झाली. आधीच्या पिढीला शेकड्यांत किंवा फार तर थोड्या हजारांत मिळालेली भरपाई आता घरटी अडीच लाख डॉलरांवर गेली होती. घर सोडताना मागे वळून पाहणे मात्र तेच होते.

ज्या खाड्यांतली वस्ती उठली त्यांत आजही शिडाच्या नौका आसऱ्याला येतात. धक्का कुजून गेलेला असतो, मांडवांचे खांब पडलेले असतात. गवतात घरांच्या पायाचे दगड, एखादे रानटी झालेले रुबार्बचे झुडूप आणि कुंपण घातलेली दफनभूमी दिसते. ते कुंपण बहुधा नव्याने रंगवलेले असते, कारण जुने रहिवासी आणि त्यांची मुले उन्हाळ्यात होड्यांनी येतात. जमिनीच्या नकाशातून ही गावे पुसली गेली आहेत. समुद्राच्या नकाशात पाण्याची खोली, बुडीत खडक आणि आत येण्याची वाट अद्याप जशीच्या तशी आहे. नैर्ऋत्येचा वारा वाढला की नाविक तो नकाशा उघडतो, आणि वस्तीसाठी ती जागा निवडणाऱ्यांची निवड किती अचूक होती याचा प्रत्यय त्याला पुन्हा येतो.